खाणीतल्या रोहूवरचा आळ

१

युनूसमियाँचं वागणं रहमतबीला मुळीच पटलं नव्हतं.

शुक्रवारची नमाज आटोपून जावई सासुरवाडीला चाकणला येतो, जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानापुढे मांडी घालून बसतो, समोर रोहूचं लालभडक कालवण, शेजारी तळलेले तुकडे, त्यातला पोटाकडचा चरबीदार तुकडा खास त्याच्यासाठी राखलेला. आणि तो म्हणतो काय, तर, "आज मासा नको, अम्मा. डाळ असली तर वाढा."

डाळ! जो माणूस लग्नानंतरच्या पहिल्या ईदला मेहुण्याच्या ताटातला तुकडा उचलून मोकळा झाला होता, तो डाळ मागत होता.

"पोट बिघडलंय त्यांचं," बिल्किसनं नवऱ्याची बाजू घेतली.

"व्हय का?" रहमतबी म्हणाली. "बिघडल्या पोटात दोन वाट्या डाळ आन चार भाकऱ्या गेल्या ते बरं झालं. चांगलं असतं तर मला शेजारून पीठ आणावं लागलं असतं."

जावई हसला नाही. मान खाली घालून उठला, हात धुतले आणि अंगणात जाऊन स्कूटरचा आरसा पुसत बसला. आरसा स्वच्छच होता.

जावयाला बोलायची सोय नसते. त्याच्या पुढ्यात सासूनं पदर सावरून "युनूसमियाँ, तुमी" असंच म्हणायचं, मग तो ताट परत करो नाहीतर फोडो. लिहिण्या-वाचण्याच्या नावानं रहमतबीला सहीपुरती अक्षरं येत होती, पण कुणाला काय बोलावं आणि काय गिळावं हे तिला चांगलं कळत होतं. ती गिळत होती, तेवढ्यात दाराशी सरपंच मालोजीराव आले. मागे पंचायतीतले दत्तोबा. मालोजीरावांच्या हातात कागद होता आणि टोपी काढलेली होती. टोपी काढून आलेला सरपंच कधी चांगली बातमी आणत नाही.

"चाची, तुमच्या तळ्यातल्या माशाचा तपास आला. माशात शिसं निघालं. लई निघालं. खाल्ला तर माणूस हळूहळू आजारी पडंल असं लिहिलंय."

कादर, रहमतबीचा थोरला, जेवण टाकून दाराशी आला.

ते तळं म्हणजे गावाबाहेरची जुनी दगडाची खाण. रस्त्यासाठी दगड काढून झाला, खड्डा राहिला, त्यात झऱ्याचं पाणी भरलं. म्हशीही उतरत नव्हत्या तिथं. कादरनं पंचायतीकडून ती लिलावात घेतली, रोहूचं बीज आणून सोडलं, रोज शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा टाकला. तिसऱ्या वर्षी मासा असा धरला की तव्यावर टाकला तर आपल्याच तेलात तळून निघावा. तिथूनच लोकांच्या तोंडात आलं: एवढी चरबी माशाला येते कुठून? नक्की कंपन्यांचं ऑइल पाझरतंय खाणीत. बोलणं वाढलं म्हणून पंचायतीनंच एक मासा पिंपरीच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासायला पाठवला होता.

"सोमवारी पंचायत बसतीय," दत्तोबा म्हणाले. "ठराव झाला की तळ्यात ब्लिचिंग पावडर टाकायची. मासे मारायचे, खाण ताब्यात घ्यायची."

तीन वर्षं वाढवलेला मासा, कादरचा धंदा, आणि त्याहून मोठं म्हणजे रहमतबीच्या घराचं नाव. लोकांना विष खाऊ घातलं, हे ऐकत तिला उरलेलं आयुष्य ह्याच गावात काढायचं होतं.

"कागद खोटा हाय," ती म्हणाली.

"चाची, कागद सरकारी हाय."

"मग मासा खोटा असंल."

अंगणात स्कूटरचा आरसा पुसणारा हात थांबला. रहमतबीनं ते पाहिलं, पण तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही.

२

मासा खोटा, हे बोलणं सोपं होतं. कुणी खोटा केला, ते शोधायला रहमतबी दुसऱ्या दिवशी सकाळी कादरला घेऊन भामा नदीवर गेली. तिथं जयसिंग भोई जाळं वाळवत बसला होता. चरबी म्हणजे कंपनीचं ऑइल, ही गोष्ट बाजारात त्यानंच सोडली होती, हे तिला ठाऊक होतं.

"सोडली," जयसिंग म्हणाला. "कशाला खोटं बोलू? तुमचा मासा बाजारात आला की माझ्या टोपलीकडं माणूस बघत न्हाई. चाची, मासा कसा पायजे? धारेला झुंजलेला. अंग घट्ट, चव सरळ. तुमचा मासा सावकारासारखा बसून खातो. पोट सुटणारच त्याचं."

"जळतोस तर खरा."

"जळतो ना. पण विष टाकून धरलेला मासा मी कधी विकला न्हाई आन कुणाच्या माशात विष घातलं पन न्हाई."

"तपासाचा मासा तूच धरलास ना?"

"पंचायतीनंच सांगितलं, भांडणातल्या माणसानं धरावा म्हणजे लबाडी व्हनार न्हाई. अख्ख्या गावादेखत धरला. असला गुबगुबीत की मला हाताला वंगण लागलं. दत्तोबांनी ओल्या गोणपाटात गुंडाळला, पिंपरीला घरी निघालेल्या तुमच्या जावयानं स्कूटरला टांगला. शेपूट हलत व्हती."

म्हणजे गावातून निघेपर्यंत मासा खाणीतलाच होता. इथवर शंका नाही. रहमतबीनं मनातल्या मनात एक दार लावून घेतलं.

"तुझ्या नदीच्या माशाला चरबी असते का रे?"

"पावसाळ्याच्या शेवटाला जराशी. आत्ता? आत्ता कापला तर हात कोरडे राहत्यात."

ती वळली. जयसिंगनं मागून हाक मारली. "चाची, एक सांगू? जावयाच्या स्कूटरवर मागं कोण बसून गेलं, इचारलंत का? दत्तोबा."

३

दत्तोबा एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर सापडले. रहमतबी बाकड्यावर त्यांच्यासमोर येऊन बसली. टपरीवरचे चार पुरुष चहा अर्धा टाकून उठले, कारण ती बसली म्हणजे कुणाचं तरी काही बाहेर पडणार हे गावाला माहीत होतं.

"दत्तोबा, तुमास्नी खाण पायजे."

"पायजे," दत्तोबा म्हणाले. त्यांना लपवायचं काही कारण वाटलं नाही. "भोसरीकडच्या कारखान्यांची राख टाकायला जागा शोधत्यात. खाण भरली की वर सपाट जमीन. गावाला उत्पन्न."

"आन तुमच्या पुतण्याला ट्रकचं काम."

"त्यात वाईट काय? पण मासा मी बदलला न्हाई, चाची. युनूस म्हणला, मांडीवर धरा. मी म्हणलं, धोतराला वास लागंल, तुझा तूच टांग. मला पुण्याला जायचं व्हतं. दुपारच्या उन्हात नाशिक फाट्याला उतरलो. उतरताना मासा बघितला, गोणपाटात धडपडत व्हता. तुमच्या जावयाला मीच म्हणलं, आता सरळ प्रयोगशाळेत जा, उन्हात खराब व्हईल."

"आन तो गेला."

"गेलाच असंल. तिथनं किती लांब हाय?"

रहमतबीनं त्यांच्याकडे बारीक नजरेनं पाहिलं. दत्तोबाला खाण हवी होती आणि ती मिळवायला तो काय वाट्टेल ते करेल, हे खरं. पण लबाड माणूस आपल्या लबाडीचं कारण असं चहाच्या बशीत ओतून दाखवत नाही. शिवाय धोतराच्या वासाला जपणारा माणूस दुसरा मासा कुठून तरी धरून आणणार होता थोडाच.

"माझ्या चहाचे पैसे ह्यांच्याकडून घे," टपरीवाल्याला सांगून ती उठली. "ह्यांनी माझा मासा मारायचा घाट घातलाय, चहा तरी पाजू देत."

कादर म्हणाला, "अम्मा, मग राहिली प्रयोगशाळा."

"मग चल. एसटी लागलीय."

४

प्रयोगशाळेतली बाई तरुण होती. शालनबाई म्हणत तिला. सुती साडीवर पांढरा डगला घातलेला. रहमतबीला वाटलं होतं, ही आता सरकारी आवाजात बोलेल. पण शालनबाईंनी आधी पाणी दिलं, मग स्टूल पुढे केलं आणि मग बर्फाच्या पेटीतून एक पुडकं काढलं.

"तक्रार झाली तर असावा म्हणून अर्धा मासा आम्ही राखून ठेवतो. बघा तुम्ही."

रहमतबीनं बघितला. बोटानं पोट दाबलं. कडेची चिरलेली बाजू उजेडाकडे धरली. वाकून वास घेतला. पोटाच्या आतल्या बाजूला, जिथं तिच्या माशाला पांढरट जाड थर असायचा, तिथं नुसतं काळसर पातळ कातडं होतं.

"हा रोहू खरा," ती म्हणाली. "पण हा माझा न्हाई. ह्याला कुणी कधी पोटभर घातलेलंच न्हाई."

शालनबाईंनी नोंदवही उघडली. मग म्हणाल्या, "मलाही जरा नवल वाटलं होतं. मी शिशाबरोबर चरबीही मोजली. शंभर भागांत एक भागसुद्धा धड भरली नाही. पेंड खाऊन वाढलेल्या तळ्यातल्या माशांत मी सात-आठ भाग बघितलेत. कागदावर लिहिलं होतं मी ते."

"सरपंचांनी शिसं वाचलं आन पुढं वाचायचं सोडलं."

"आणखी एक. त्याच्या पोटात काळा गाळ होता. पेंडेचा कणही नव्हता."

"रोज सकाळी पेंड घालतो मी," कादर म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा थोडा जीव आला.

रहमतबीला एक गोष्ट मात्र विचारायचीच होती, कारण ती तिला रात्रभर टोचत होती. "बाई, एक खरं सांगा. लोक म्हणत्यात चरबीत विष मुरतं. माझा मासा चरबीदार. मग त्यात जास्तच असंल का?"

"काही विषं मुरतात चरबीत. शेतावर फवारतात ती पावडर तशी आहे. पण शिसं तसं नाही. ते माशाच्या कल्ल्यांत, काळजात, हाडांत जाऊन बसतं. आणि जातं पाण्यातून, गाळातून. ह्या माशाचे कल्ले बघा. हा एखाद्या नाल्याच्या तोंडाशी वाढलाय. बॅटऱ्या फोडतात, लोखंडाला चकाकी चढवतात, तसल्या कारखान्यांचं पाणी जिथं येतं तिथं."

म्हणजे मासा बदलला होता. एवढं तिघांनाही कळलं.

"पण आजी," शालनबाई म्हणाल्या, "मी फक्त एवढंच सांगू शकते की हा मासा तळ्यातला दिसत नाही. तुमच्या पंचायतीत कुणी म्हणेल, एखादा मासा असतो रोडका. बदलला कुणी, कुठं, ते सांगणारा माणूस हवा."

"मासा तुमच्या हातात कवा आला?"

"सकाळी. मी कुलूप काढत होते, तुमचे जावई पायरीवर बसले होते पिशवी घेऊन. बिचारे रात्रपाळी करून आलेत असं वाटलं."

"सकाळी?" कादर म्हणाला. "पण दाजी तर म्हणाले, त्याच दुपारी थेट नेऊन दिला."

रहमतबीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दुपारी नाशिक फाटा. सकाळी पायरी. मधली रात्र तिच्या मुलीच्या सासरी गेली होती.

५

विहीण मुमताजबी पिंपरी कॅम्पाच्या मागल्या गल्लीत राहत होती. दोघींचं एकमेकींशी उत्तम होतं, म्हणजे दोघीही एकमेकींना एक शब्द कमी पडू देत नसत.

"या, या विहीणबाई! आज वाट चुकलात?"

"वाट न्हाई चुकले. तुमी बोलवायचं चुकलात, म्हणून आपणहून आले."

चहा आला, नानकटाई आली. रहमतबी काय विचारावं ह्याचा विचार करत होती. जावयाच्या घरात बसून जावयावर संशय काढायचा, म्हणजे फुंकून पाय टाकायला हवा. पण तिला काही विचारावंच लागलं नाही.

"तुमचे आभार मानायचे राहून गेले बघा," मुमताजबी म्हणाली. "मासा काय मासा होता तो! बिल्किस माहेरी गेलेली, म्हटलं घरात काही चांगलंचुंगलं नाही, आणि युनूस गोणपाटातून हा घेऊन आला. तो झोपला शिफ्टच्या आधी, मी लगेच साफ करायला घेतला. तव्यावर तेल टाकलं नाही, खुदाकसम. आपल्याच तेलात तळला गेला. शेजारी मंजुळाबाईला दिला, वरच्या माळ्यावर दिला. सगळ्यांना सांगितलं, सुनेच्या माहेरून आलाय. अशी सासुरवाडी नशिबानं मिळते म्हणाल्या सगळ्या."

कादरनं तोंड उघडलं. रहमतबीनं त्याच्या मांडीला असा चिमटा घेतला की ते तोंड नानकटाईसाठी उघडलं होतं असं दिसावं.

"आवडला ना?" ती म्हणाली. "मग झालं."

खाणीत जाळं पडलं की चांगला मासा लेकीच्या घरी जायचा, हा रहमतबीचाच शिरस्ता होता. ओलं गोणपाट, आत चाकणचा रोहू, हातात युनूस. मुमताजबीनं दुसरं काय समजायचं? सरकारी तपासाचा मासा आणि विहिणीची भेट ह्यांत फरक दाखवणारं काही त्या गोणपाटावर नव्हतं. युनूस झोपेतून उठला तेव्हा मासा गल्लीभर वाटून झाला होता. आईला काय सांगणार? ही भेट नव्हती, तुझ्या विहिणीनं तुला काही पाठवलेलं नाही, जे वाटलंस ते पंचायतीचं होतं? गल्लीत आईचं नाक कापायचं? त्यानं ते केलं नाही. रोहूला रोहू, म्हणून दुसरा विकत घेतला. त्यात विष निघेल, हे त्याच्या बापजन्मीही डोक्यात आलं नसेल.

मग तपास आला, आणि सासूच्या दस्तरखानावर त्याच्या घशाखाली मासा उतरेना.

बाहेर पडल्यावर कादर संतापला होता. "दाजींनी एक शब्द बोलायचा होता! आपलं तळं मारायला निघाले लोक आणि हे डाळ खात होते!"

"थांब," रहमतबी म्हणाली. "अजून एक राहिलंय. दुसरा मासा कुठला?"

मंजुळाबाई दारातच उभी होती. संध्याकाळचा मासा कुठं मिळतो म्हणून विचारल्यावर तिनं पवनेच्या पुलाकडे हात केला. पुलाखाली कस्तुरा नावाची कोळीण पाटी घेऊन बसली होती. तिच्या मागे एक नाला नदीत उतरत होता. पाणी काळं, वर मोरपिसासारखे रंग चमकत होते. धरणात सोडलेलं रोहूचं बीज पुरात खाली वाहून आलेलं, ते इथं वाढलं होतं. पाटीतले रोहू लांबट, पोटाशी बसलेले.

"स्कूटरवाला?" कस्तुरा म्हणाली. "आठवतोय की. भाव न करता मासा नेणारं गिऱ्हाईक मी आजपर्यंत एकच बघितलं. मला वाटलं, बायको बाळंत झाली असंल."

कादरनं सुटकेचा श्वास सोडला. सगळं जुळलं होतं. पण रहमतबी तिथून हलेना. पहिली पाळी सुटली होती. कारखान्यांतून परतणारी माणसं पाटीपाशी थांबत होती. एक बाई कडेवर मूल घेऊन डोकी मागत होती, कालवणाला. कल्ल्यांसकट.

"अम्मा, एसटी जाईल," कादर म्हणाला.

"जाऊ दे," रहमतबी म्हणाली. ती कस्तुराशेजारी चक्क जमिनीवर बसली आणि प्रयोगशाळेत ऐकलेलं एकेक तिला सांगू लागली.

६

सोमवारी पंचायत चावडीत न बसता खाणीच्या काठावर बसली. रहमतबीनंच तसा हट्ट धरला. शालनबाई आल्या होत्या, बर्फाचा डबा घेऊन. जयसिंग जाळं घेऊन आला होता. ब्लिचिंग पावडरची पोती दत्तोबांनी झाडाखाली ठेवली होती. आणि युनूस, बिल्किसनं हाताला धरून आणल्यासारखा, लोकांच्या मागे उभा होता.

"मला थोडं बोलायचंय," रहमतबी म्हणाली. "मग टाका तुमची पावडर."

ती उभी राहिली. भाषण तिला येत नव्हतं, पण भांडताना एकातून एक मुद्दा कसा काढायचा ते येत होतं.

"जयसिंगनं मासा ह्या पाण्यातनं काढला, तो चरबीनं भरलेला व्हता. जयसिंग, व्हय का न्हाई?"

"व्हय. मी वैरी असून सांगतो."

"बाईंनी तपासला तो कोरडा. चरबी न्हाई. माझा मासा रोज पेंड खातो, त्याच्या पोटात काळा गाळ निघाला. एका रात्रीत मासा वाळत न्हाई आन मेल्यावर गाळ खात न्हाई. म्हणजे मासे दोन हायेत. एक इथनं गेला, दुसरा तिथं पोचला."

"ही तुमच्याच घरची गोष्ट झाली," दत्तोबा म्हणाले. "एखादा रोडका निघाला असंल."

"काढ रे जयसिंग. तुला पायजे तो काढ."

जयसिंगनं जाळं टाकलं. दत्तोबांनी बोट दाखवलेला मासा त्यानं बाजूला घेतला आणि फळीवर सर्वांदेखत चिरला. पोटातून पिवळटसर चरबीचा थर उलगडला, आतड्यातून पेंड बाहेर आली. शालनबाईंनी डब्यातला अर्धा मासा शेजारी ठेवला. बघायला आलेल्या बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. त्यांना तराजू लागत नव्हता.

"पटतंय," मालोजीराव म्हणाले. "पण बदलला कुणी, चाची? ते कळल्याबिगर मी ठराव कसा मागं घेऊ?"

"कुणी ते मला ठावं हाय. पण मी सांगनार न्हाई. त्याला तोंड हाय."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कादर दात आवळून उभा होता. बिल्किसनं नवऱ्याचा हात सोडला.

युनूस पुढे आला.

त्यानं सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. रात्रपाळीआधी तासभर पडून मग मासा द्यावा म्हणून तो आधी घरी गेला. आईला ती भेट वाटली, तिनं मासा तळला आणि गल्लीत वाटून टाकला. त्यानं पुलाखालून दुसरा आणला. रात्रपाळी सुटल्यावर तसाच प्रयोगशाळेच्या पायरीवर जाऊन बसला. "आईला काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तिची चूक..."

"त्यांची चूक न्हाईच," रहमतबीनं त्याचं बोलणं तोडलं. "माझ्या घरनं विहिणीच्या घरी मासा गेला, तर ती भेटच असते. त्यापुढं एक अक्षर कुणी काढायचं न्हाई. गावानंबी न्हाई."

मालोजीरावांनी टोपी घातली. शालनबाईंनी स्वतःच्या हातानं तीन मासे बर्फात घातले, डब्यावर सरपंचांची सही घेतली. पुढच्या गुरुवारी त्या स्वतःच सांगायला आल्या: शिसं नावापुरतंही नाही, चरबी शंभरात आठ भाग. पोती दत्तोबांच्या पुतण्यानं उचलून नेली. त्या संध्याकाळी खाणीच्या काठावर कादरनं चूल मांडली, जयसिंगनं मासे साफ केले, आणि दत्तोबांनी सर्वांत आधी पान पुढे केलं. धोतराची काळजी विसरून.

युनूस दूर दगडावर बसला होता. रहमतबी त्याच्याजवळ गेली.

"अम्मा," तो उठत म्हणाला, "तळं वाचलं. आता मनात काही ठेवू नका. माझ्या चुकीनं शेवटी कुणाचं काही बिघडलं नाही ना."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. त्याच्या समोरच, पदर न सावरता, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बस खाली, युनूस. आता मी बोलते, तू ऐक. मासा गेला, त्यात तुझा गुन्हा न्हाई. आईचं नाक राखलंस, ते चांगलंच केलंस, मीबी तेच केलं असतं. पण ज्या दिवशी कागद आला, त्या दिवशी साऱ्या मुलखात तुला एकट्याला ठावं व्हतं की शिसं खाणीत न्हाई, पुलाखाली हाय. आन तू गप बसलास. तिथं बाया लेकरांसाठी डोकी नेत व्हत्या, तवा तू माझ्या अंगणात आरसा पुसत व्हतास. माझ्या तळ्याचं मी भांडून घेतलं. त्यांच्यासाठी भांडायला कोण व्हतं? कस्तुराला मी सांगितलं, ती नाल्यावरनं उठली, वरच्या धारेला गेली. पण जे तिच्याकडनं रोज नेत व्हते त्यांना दारोदार जाऊन कोण सांगनार? तू. उद्या शिफ्ट सुटली की शालनबाईंना संगं घे आन सुरुवात कर, तुझ्या आईच्या गल्लीपासनं. जावई म्हणून तुला मी कधीच माफ केलंय, जावयाला माफ करावंच लागतं. पण आजपासनं तू ह्या घरात जावई न्हाईस, पोरगा हायेस. आन माझ्या पोरांना मी फुकटात माफ करत न्हाई."